पायथन २ चा कोड ३ वर आणताना पुन्हा पुन्हा येणारी स्ट्रिंग-बाइट्सची एरर: मूळ कुठे शोधायचं

जुना प्रोग्रॅम पायथन ३ वर आणला, प्रिंटला कंस घातले, बदललेली इम्पोर्ट दुरुस्त केली, आणि पहिल्याच खऱ्या फाइलवर टाइपएरर आली: 'अ बाइट्स-लाइक ऑब्जेक्ट इज रिक्वायर्ड, नॉट स्ट्र'. ट्रेसबॅकने (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या यादीने) दाखवलेल्या ओळीत डीकोड (बाइटचा मजकूर करणं) लावलं, तर एरर दुसऱ्या मॉड्यूलमध्ये गेली. तिथे एनकोड (मजकुराचे बाइट करणं) लावलं, तर तिसरीकडे 'कान्ट कॉनकॅट स्ट्र टु बाइट्स'. (एरर आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, कोडमध्ये त्या रोमनमध्येच टाइप करायच्या.)

या चक्रात मी स्वतः अडकले होते. अहवाल तयार करणारा एक जुना प्रोग्रॅम माझ्याकडे आला होता. आठवडाभर मी एरर दिसेल तिथे डीकोड लावत गेले. टेस्ट पास झाल्या, काम सुपूर्द केलं. पुढच्या महिन्यात वेगळ्या ठिकाणाहून आलेली एक फाइल त्यात गेली आणि सगळं पुन्हा कोसळलं. मग सगळे डीकोड काढून टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा जी पद्धत सापडली ती इथे लिहिते आहे. तिचं सार एवढंच: एरर ज्या ओळीवर फुटते ती ओळ बहुतेक वेळा बरोबर असते. चूक तिच्या बरीच आधी झालेली असते, डेटा जिथून प्रोग्रॅममध्ये शिरला तिथे. दुरुस्ती त्या उंबरठ्यावर करायची.

मुळात बदललं काय

पायथन २ मध्ये 'स्ट्र' हा प्रकार दोन कामं करत असे. मजकूरही त्यातच आणि नुसते बाइटही त्यातच. शिवाय 'युनिकोड' नावाचा वेगळा प्रकार होता, आणि दोघांची गाठ पडली की पायथन गुपचूप आस्की (इंग्रजी अक्षरांचा जुना तक्ता) वापरून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करत असे. डेटा निव्वळ इंग्रजी असेल तोवर हे चालून जायचं. देवनागरीचं पहिलं अक्षर आलं की 'आस्की कोडेक कान्ट डीकोड बाइट' अशी एरर यायची, कारण यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह हेक्स ई० या बाइटने, म्हणजे २२४ ने सुरू होतं आणि आस्की १२७ वर संपतं. म्हणून मराठीत काम करणाऱ्याला हा आजार इंग्रजीवाल्यांच्या आधी दिसायचा.

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० ने ही गुपचूप रूपांतरं बंद केली. आता 'स्ट्र' म्हणजे फक्त मजकूर, 'बाइट्स' म्हणजे ० ते २५५ मधल्या संख्यांची रांग, आणि दोन्ही आपणहून एकमेकांत मिसळत नाहीत. 'मराठी' हा शब्द स्ट्र म्हणून मोजला तर लांबी ५ येते: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये एनकोड करून मोजला तर १५. डोक्यात गोंधळ झाला की मी हे पाच आणि पंधरा आठवते. लांबी पाच आली तर हातात मजकूर आहे, पंधरा आली तर बाइट.

पायथन २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तरी जुन्या कोडचं स्थलांतर अजून सुरूच आहे, आणि आता एक अडचण वाढली आहे: टू-टू-थ्री हे रूपांतराचं साधन पायथन ३.१३ पासून सोबत येतच नाही. ते असतानाही या बाबतीत त्याचा उपयोग मर्यादितच होता. एखाद्या व्हेरिएबलमध्ये नाव आहे की चित्राचे बाइट, हे कोड वाचून त्याला ठरवता येत नसे. हे माणसालाच ठरवावं लागतं.

आधी उंबरठे शोधा

एक ओळही बदलण्याआधी संपूर्ण कोडमध्ये डेटा आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या जागा शोधून काढा. ओपन, सॉकेट, सबप्रोसेस, यूआरएलओपन, डेटाबेसची जोडणी, पिकल (पायथनमधला डेटा जसाच्या तसा फाइलमध्ये साठवायची सोय), पर्यावरणातले व्हेरिएबल, कमांड लाइनचे आर्ग्युमेंट. मध्यम आकाराच्या प्रोग्रॅममध्येही या जागा मोजक्याच निघतात. प्रत्येक जागेसमोर दोन गोष्टी लिहा: इथून मजकूर येतो की बाइट, आणि मजकूर असेल तर त्याचं एनकोडिंग (कोणत्या अक्षराचे बाइट कोणते हे ठरवणारी पद्धत) कोणतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तो डेटा कोण पाठवतं त्याला विचारा. अंदाजाने लिहू नका, कारण बाइटकडे नुसतं बघून एनकोडिंग खात्रीने सांगता येत नाही.

त्यानंतरचा नियम साधा आहे. आत येताच डीकोड, बाहेर जाताना एनकोड, आणि मधल्या सगळ्या कोडमध्ये निव्वळ स्ट्र. मधल्या एखाद्या फंक्शनमध्ये 'बाइट्स असेल तर डीकोड कर, नाहीतर तसंच राहू दे' असा तपास दिसला तर तो काढा. असा तपास माझ्या पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये होता. त्याने एरर थांबते, पण दोन्ही प्रकार आत फिरत राहतात आणि पुढच्या फंक्शनलाही तोच तपास लागतो. दोन्ही पायथनवर चालणारा कोड ठेवणं भागच असेल तर 'सिक्स' लाइब्ररीतली एन्शुअर_टेक्स्ट आणि एन्शुअर_बायनरी ही फंक्शनं उंबरठ्यावर वापरा, आत नको.

एररचा मजकूर वाचून ओळखायच्या गोष्टी

'अ बाइट्स-लाइक ऑब्जेक्ट इज रिक्वायर्ड, नॉट स्ट्र' ही एरर सगळ्यात फसवी आहे, कारण ती परस्परविरुद्ध दोन प्रसंगांत येते. एक: बायनरी मोडमध्ये उघडलेल्या फाइलवर किंवा सॉकेटवर तुम्ही स्ट्र लिहिताय. इथे एनकोड करायला हवं. दोन: तुमच्याकडे बाइट्स आहेत आणि तुम्ही त्यावर `आउटपुट.स्प्लिट('\एन')` किंवा `'एरर' इन आउटपुट` असं काही करताय. इथे आउटपुट बाइट्स असल्यामुळे पायथन दुसरी बाजूही बाइट्स मागतो, आणि संदेश वाचून वाटतं की आपण स्ट्र दिली हीच चूक. मग लोक शोधायच्या शब्दाला 'बी' उपसर्ग लावतात. तात्पुरतं चालतं, पण बाइट्स आणखी आत शिरतात. सबप्रोसेसच्या बाबतीत हे नेहमी घडतं, कारण चेक_आउटपुट पायथन ३ मध्ये बाइट्स देतं. तिथे चालवतानाच `एनकोडिंग='यूटीएफ-८'` द्या; हा आर्ग्युमेंट ३.६ पासून आहे.

'राइट आर्ग्युमेंट मस्ट बी स्ट्र, नॉट बाइट्स' हे उलटं: फाइल मजकुराच्या मोडमध्ये आहे आणि तुम्ही आधीच एनकोड केलेलं लिहिताय. जुन्या कोडमध्ये लिहिण्याआधी एनकोड करायची सवय होती. ते एनकोड काढा आणि ओपनला एनकोडिंग द्या.

'कॅनॉट यूज अ स्ट्रिंग पॅटर्न ऑन अ बाइट्स-लाइक ऑब्जेक्ट' म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन मजकुराची आहे, डेटा बाइट आहे. पॅटर्न बदलायच्या आधी डेटा कुठून आला ते पाहा.

हॅशलिब, एचमॅक आणि बेस६४ यांना बाइट्सच लागतात आणि ते योग्यच आहे, तो एक उंबरठाच आहे. पण बी६४एनकोड उत्तरही बाइट्समध्ये देतं. ते तसंच जेसनमध्ये टाकलं तर 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप बाइट्स इज नॉट जेसन सीरियलायझेबल' येतं. त्यावर `.डीकोड('आस्की')` पुरे.

सीएसव्हीमध्ये जुनी सवय नडते. पायथन २ मध्ये फाइल बायनरी मोडमध्ये उघडायची असा रिवाज होता; ३ मध्ये ती मजकुराच्या मोडमध्ये, `न्यूलाइन=''` आणि एनकोडिंग देऊन उघडायची. फाइल वाचताना पहिल्याच स्तंभाच्या नावावर कीएरर येत असेल आणि नाव छापून पाहिल्यावर अगदी बरोबर दिसत असेल, तर सुरुवातीला न दिसणारा बीओएम (फाइलच्या सुरुवातीला एनकोडिंगची खूण म्हणून घातलेलं चिन्ह) आहे. 'यूटीएफ-८-सिग' हे एनकोडिंग वापरून वाचा.

डीकोडच फुटत असेल तर

युनिकोडडीकोडएरर आली की लोक लगेच `एरर्स='इग्नोर'` लावतात. कृपया हे करू नका. त्याने डीकोड न होणारे बाइट गुपचूप गळतात, आणि माणसांच्या नावातून एखादी वेलांटी किंवा रफार गेला तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. नाव चुकीचं छापलेला कागद त्या माणसाच्या हातात पडतो तेव्हाच कळतं.

त्याऐवजी एरर नीट वाचा. त्या एरर ऑब्जेक्टमध्ये मूळ बाइट्स, सुरुवातीची जागा आणि कारण हे सगळं असतं. जागेच्या मागचे-पुढचे वीसेक बाइट छापून बघा. काही खुणा लगेच ओळखू येतात. शून्याव्या जागी हेक्स एफएफ असेल तर बहुधा यूटीएफ-१६. पहिल्या जागी ८बी आणि त्याच्या आधी १एफ असेल तर ती जीझिप केलेली फाइल आहे, मजकूर नव्हेच. शून्याव्या जागी ८९ असेल तर पीएनजी चित्र असण्याची शक्यता मोठी. इंग्रजी मजकुराच्या मधेच ९२ आला असेल तर विंडोजच्या सीपी१२५२ या जुन्या एनकोडिंगमधलं वळणदार अवतरणचिन्ह आहे.

सीपी१२५२ चा एक प्रकार मराठीत काम करणाऱ्याने जवळून पाहिलाच पाहिजे, कारण तो कधी फुटतो, कधी फुटत नाही, आणि त्यामुळे महिनोन्महिने सापडत नाही.

पायथन २ मध्ये ओपन फाइल उघडून बाइट देत असे, एनकोडिंगचा प्रश्नच नव्हता. पायथन ३ मध्ये ओपनला एनकोडिंग दिलं नाही तर ते मशीनच्या सेटिंगवरून ठरतं. लिनक्सवर बहुधा यूटीएफ-८, विंडोजवर अनेकदा सीपी१२५२. आता यूटीएफ-८ मधल्या फाइलमध्ये 'मराठी' हा शब्द आहे आणि ती सीपी१२५२ समजून वाचली गेली. पंधराच्या पंधरा बाइटना त्या तक्त्यात कुठलं ना कुठलं चिन्ह आहे. 'म' चा शेवटचा बाइट एई, त्याचं नोंदणीकृत व्यापारचिन्हाचं आर होतं. दीर्घ वेलांटीचे शेवटचे दोन बाइट ए५ आणि ८०, त्यांचं येन आणि युरो होतं. एरर येत नाही, फक्त पंधरा अक्षरांचा कचरा तयार होतो.

त्याच फाइलमध्ये 'मराठी' ऐवजी 'विद्या' असेल तर? व चे तीन बाइट, ऱ्हस्व वेलांटीचे तीन, द चे तीन, आणि मग हलन्ताचे ई०, ए५, ८डी. सीपी१२५२ मध्ये ८डी ला कुठलंच चिन्ह नेमलेलं नाही. म्हणून शब्द फाइलच्या अगदी सुरुवातीला असेल तर नेमक्या अकराव्या जागी 'चारमॅप कोडेक कान्ट डीकोड बाइट' अशी एरर. ८१, ८एफ, ९० आणि ९डी हेही तिथे रिकामे आहेत, म्हणून ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ यांच्यावरही फुटतं. थोडक्यात, जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार नसलेली छोटी टेस्ट फाइल आरामात पास होते आणि खरी फाइल पडते. टेस्टसाठी मी आता नेहमी जोडाक्षर, ऱ्हस्व उकार आणि झ असलेली वाक्यं घेते.

उपाय एकच: प्रत्येक ओपनला एनकोडिंग स्पष्ट द्या. सुटलेले ओपन शोधायला पायथन ३.१० पासून `-एक्स वॉर्न_डिफॉल्ट_एनकोडिंग` हा पर्याय आहे, तो प्रत्येक विसरलेल्या जागेवर इशारा देतो. पायथनयूटीएफ८ हा पर्यावरणातला व्हेरिएबल १ केला तर ३.७ पासून सगळीकडे यूटीएफ-८ गृहीत धरलं जातं. पण हे सेटिंग तुमच्या मशीनवर असतं, कोडसोबत दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून मी त्याच्यावर विसंबत नाही.

लॅटिन-१ या एनकोडिंगबद्दल एक इशारा. त्यात २५६ पैकी प्रत्येक बाइटला जागा आहे, त्यामुळे लॅटिन-१ ने डीकोड कधीच फुटत नाही. 'हे लावलं आणि एरर गेली' असं कुणी सांगितलं की म्हणूनच सावध व्हावं. त्याचे योग्य उपयोग मोजकेच आहेत. डब्ल्यूएसजीआयमध्ये (वेब सर्व्हर आणि पायथनचा कोड यांना जोडणारी पद्धत) पत्त्याचा भाग मुद्दाम लॅटिन-१ ने डीकोड होऊन येतो, तिथे परत लॅटिन-१ ने एनकोड करून यूटीएफ-८ ने डीकोड करायचं. आणि पायथन २ ने साठवलेली पिकल फाइल, त्यात तारखा किंवा नमपाय या गणिती लाइब्ररीचे ॲरे असतील तर, `एनकोडिंग='लॅटिन१'` दिल्याशिवाय उघडत नाही.

तुकड्यांत येणारा डेटा

सॉकेटवरून किंवा मोठ्या फाइलमधून ४०९६ बाइटचे तुकडे वाचून प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड करणारा कोड इंग्रजीवर वर्षानुवर्षं चालतो. देवनागरी अक्षर तीन बाइटचं. ४०९६ ला तीनने भागलं तर बाकी एक उरते, म्हणजे सलग देवनागरी मजकुरात पहिल्या तुकड्याचा शेवटचा बाइट हा पुढच्या अक्षराचा पहिला तृतीयांश असतो. एरर येते 'अनएक्सपेक्टेड एंड ऑफ डेटा'. मधे एखादी मोकळी जागा आली की गणित सरकतं आणि तोच कोड चालतो, म्हणून ही एरर कधी येते कधी नाही.

इथे कोडेक्स मॉड्यूलमधलं गेटइन्क्रिमेंटलडीकोडर वापरा. ते अर्धवट अक्षर स्वतःजवळ ठेवतं आणि पुढचा तुकडा आला की पूर्ण करतं. शेवटच्या तुकड्याला `फायनल=ट्रू` द्यायला विसरू नका, नाहीतर खरोखरच तुटलेला डेटा आला तरी कळणार नाही.

एरर न देता बिघडवणाऱ्या जागा

मला सगळ्यात जास्त काळजी याच जागांची वाटते, कारण इथे ट्रेसबॅक मदतीला येत नाही.

पायथन ३ मध्ये बाइट्स आणि स्ट्र यांची तुलना केली तर एरर येत नाही, उत्तर फक्त 'फॉल्स' येतं. डिक्शनरीत बाइट्सची किल्ली घातली आणि स्ट्रने शोधली तर सापडत नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये कॅश असाच निकामी झाला होता: प्रत्येक वेळी 'नोंद नाही' म्हणून सगळं नव्याने मोजलं जात होतं. निकाल बरोबर येत होते, म्हणून कुणी तक्रार केली नाही, फक्त काम दिवसेंदिवस हळू होत गेलं.

बाइट्सवर `स्ट्र()` लावलं, किंवा ते फॉरमॅटमध्ये टाकले, तर डीकोड होत नाही. सुरुवातीचं बी आणि अवतरणचिन्हं यांसकट छापील रूप तसंच मजकुरात उतरतं आणि डेटाबेसमध्ये जाऊन बसतं.

`बाइट्स(५)` चा पायथन २ मध्ये अर्थ '५' हा मजकूर. ३ मध्ये पाच शून्य बाइट. आणि बाइट्समधला पहिला घटक काढला तर आता अक्षर मिळत नाही, संख्या मिळते: छोट्या रोमन 'ए' च्या जागी ९७. बायनरी फाइलचं शीर्ष तपासणाऱ्या कोडमध्ये ही तुलना कायम खोटी ठरते. एका घटकाचा तुकडा, म्हणजे ० ते १ असा स्लाइस घेतला की दोन्ही आवृत्त्यांत बाइट्सच मिळतात.

यातल्या पहिल्या दोन चुका पकडण्यासाठी पायथन `-बीबी` देऊन चालवा, म्हणजे छोटं बी दोनदा. बाइट्स-स्ट्र तुलना आणि बाइट्सवरचं स्ट्र() या दोन्हींवर मग चक्क एरर येते. टेस्ट नेहमी याच पर्यायाने चालवाव्यात असं माझं ठाम मत आहे. कॅशचा तो दोष या एका पर्यायाने पहिल्याच दिवशी दाखवला असता. जोडीला उंबरठ्यावरच्या फंक्शनना टाइपच्या खुणा लावून मायपाय हे टाइप तपासणारं साधन चालवलं तर उरलेल्या बऱ्याच जागा प्रोग्रॅम न चालवताच सापडतात.

डेटा आधीच बिघडला असेल तर

आधी नवीन बिघाड थांबवा, म्हणजे तो उंबरठा दुरुस्त करून सोडा; नाहीतर साफ केलेल्या तक्त्यात पुन्हा तेच येत राहील. मग बॅकअप घ्या.

बी आणि अवतरणचिन्हाने सुरू होणाऱ्या नोंदी परत मिळवता येतात. त्या मजकुरावर एएसटी मॉड्यूलमधलं लिटरल_इव्हॅल चालवलं की मूळ बाइट्स हाती येतात, ते यूटीएफ-८ ने डीकोड करायचे. साधं इव्हॅल वापरू नका, डेटाबेसमधला मजकूर कोड म्हणून चालवण्यात धोका आहे.

येन-युरोच्या कचऱ्यासारख्या नोंदी सीपी१२५२ ने एनकोड करून यूटीएफ-८ ने डीकोड केल्या की बहुधा सुटतात. जिथे हेही फुटतं ती नोंद वेगळ्या यादीत काढा आणि हाताने पाहा. काही नोंदी दोनदा बिघडलेल्या असतात, त्यांना हीच क्रिया दोनदा लागते. प्रत्येक नोंद बदलण्याआधी जुनं आणि नवं रूप शेजारी शेजारी छापून पन्नासेक ओळी स्वतः वाचा, आणि नव्या रूपाची लांबी जुन्याच्या सुमारे एक तृतीयांश झाली आहे का ते तपासा. देवनागरी मजकूर खरोखर सुटला असेल तर ती तेवढी होतेच.

`एरर्स='इग्नोर'` ने गळालेले बाइट मात्र यातल्या कशानेच परत येत नाहीत. त्या नोंदींसाठी मूळ फाइल शोधावी लागते.